सोळा हजारांची फुकट बॅटरी

कामोठ्याच्या एका वाचकांचं पत्र आहे. वय ३६, पगार हातात ७२ हजार, घराचा हप्ता २९ हजार, मुलगी तिसरीत. लिहितात, "ताई, पाऊस सुरू झाला की आमच्या सेक्टरची लाईट जाते, कधी अर्धा तास, कधी तीन-चार तास. मेणबत्त्यांना मिसेस वैतागली आहे, म्हणून एक जबरदस्त उजेडाची टॉर्च घ्यायची आहे, बजेट दोन हजार. तशी एक फुकटातच मिळते आहे, क्रेडिट कार्डाच्या पॉइंट्सवर, एक लाख लुमेन, पाच किलोमीटर रेंज. या वर्षी पॉलिसीचा एक लाखाचा प्रीमियम कार्डावर भरला ना, त्याचे चार हजार पॉइंट्स आले. मिनिमम ड्यू मी दर महिन्याला न चुकता भरतो, चार महिने झाले. तर ती फुकटची घेऊ का स्वतःचे पैसे घालून चांगल्या कंपनीची घेऊ?"

टॉर्चचं सांगते, पण शेवटी. आधी ते "न चुकता मिनिमम ड्यू", म्हणजे बिलातली कमीत कमी भरावी लागणारी रक्कम, बघू, कारण ते वाचून माझा चहा गार झाला.

कार्डावर बाकी ठेवली की महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. लाखावर साडेतीन हजार अधिक सहाशे, म्हणजे ४१०० रुपये महिना. तुम्ही पाच हजार भरता, त्यातले ४१०० असेच वाहून जातात आणि मुद्दल उतरते नऊशे रुपयांनी. चार महिन्यांत २० हजार भरलेत आणि कर्ज अजून ९६ हजारांच्या वर. सोळा हजार व्याजात गेले हो! आणि चार हजार पॉइंट्स म्हणजे काय, पॉइंटला २५ पैसे धरले तर एक हजार रुपये. तर तुमची ही फुकटची टॉर्च आजच्या तारखेला सोळा हजारांना पडलेली आहे आणि दर महिन्याला चार हजारांनी महाग होते आहे.

शिवाय एक गोष्ट बहुतेकांना माहीतच नसते, बाकी शिल्लक असली की नवीन खरेदीला ते ४५-५० दिवस बिनव्याजी वगैरे काही मिळत नाही, किराणा घेतला तरी पहिल्या दिवसापासून मीटर सुरू. म्हणजे तुम्ही पेट्रोल, भाजी, मुलीची वह्या-पुस्तकं जे काही घासताय त्या सगळ्यावर व्याज लागतंय. कार्ड आजपासून कपाटात.

पुढे पत्रात लिहिलंय, "१ लाख ४० हजारांची एफडी आहे पण ती मुलीच्या शिक्षणाची, तिला हात लावायचा नाही." भावना कळते. पण त्या एफडीवर साडेसहा टक्क्यांनी वर्षाला नऊ हजार येतात आणि कार्डाला महिन्याला चार हजार जातात, वर्षाचे ४८ हजार. हे मुलीसाठी नाही, कार्डवाल्यांसाठी चाललंय. एफडी मोडा, या आठवड्यात मोडा, अर्धा-एक टक्का दंड कापतील तो कापू दे, कार्ड शून्यावर आणा आणि उरलेल्या ४०-४५ हजारांची परत एफडी करा. मग जे पाच हजार तिकडे जात होते ते इकडे टाका, दोनेक वर्षांत होती तिथे येईल. आणि कंसात लिहिलंय, "मिसेसला कार्डाचं माहीत नाही". सांगा त्यांना. आजच, लाईट असताना.

आता मूळ दुखणं. ज्यांना एक लाखाचा प्रीमियम खिशातून भरता येत नाही त्यांना वर्षाला एक लाखाची पॉलिसी विकली कोणी? तर बँकेतल्या साहेबांनी, जे घराच्या कर्जाच्या वेळी ओळखीचे झाले. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवलंय "१७० टक्के गॅरंटेड", वर "टॅक्सही वाचेल". दहा वर्षं लाख-लाख भरायचे, एक वर्ष थांबायचं, मग दहा वर्षं दरसाल १ लाख ७० हजार मिळणार. दहाचे सतरा लाख! ऐकायला काय छान वाटतं.

सरासरी काढा, एकेक रुपया साधारण ११ वर्षं अडकतो आणि १.७ पट होऊन येतो. पैसे दुप्पट व्हायचा ठोकताळा असा, ७२ला वर्षांनी भागायचं; ७२ला ११ने भागा, साडेसहा येतात, म्हणजे ११ वर्षांत दुप्पट झाले असते तर साडेसहा टक्के. इथे दुप्पटही नाही, म्हणजे पाच टक्के, त्याच्याही किंचित खालीच. पीपीएफ आज ७.१ देतं, करमुक्त, आणि एखाद्या वर्षी पाचशे रुपयेच भरले तरी खातं चालू राहतं. पाच टक्क्यांच्या गॅरंटीला १७० टक्के म्हणणाऱ्या माणसाला काय म्हणावं ते मी इथे लिहीत नाही.

आणि टॅक्स कुठला वाचणार होता? तुमचा पगार वर्षाला नऊ-साडेनऊ लाख, कंपनीत नवीन टॅक्स रिजीम आहे असं तुम्हीच लिहिलंय. २०२५-२६ पासून पगारदाराला त्यात पावणेतेरा लाखांपर्यंत टॅक्स शून्य, आणि ८०सी, म्हणजे विम्याच्या हप्त्यावरची सूट, त्यात मुळात नाहीच. शून्यातून काय वाचवणार?

विमा म्हणून बघायचं तर कव्हर दहा लाख. घराचं कर्ज बाकी ३३ लाख. उद्या तुम्हाला काही झालं तर दहा लाख मिळतील आणि मागच्यांच्या डोक्यावर २३ लाख राहतील. एक कोटीचा साधा टर्म प्लॅन तुमच्या वयाला, तंबाखू-सिगारेट नसेल तर, वर्षाला साधारण बारा ते सोळा हजारांत येतो आणि सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटीही नाही. यात परत काही मिळत नाही म्हणून लोक नाक मुरडतात, अहो मग मेणबत्ती जळल्यावर मेण परत मागता का?

आता करायचं काय? पॉलिसी नाकारायची तीस दिवसांची मुदत कधीच गेली. दोन प्रीमियम भरून झालेत, दोन लाख. तिसरा भरू नका. विमा कंपनीकडून दोन आकडे लेखी मागा, आज सरेंडर केली, म्हणजे बंद करून पैसे मागितले, तर किती आणि पेड-अप केली, म्हणजे पुढचे हप्ते न भरता तशीच ठेवली, तर शेवटी किती. १ ऑक्टोबर २०२४ पासून नियम थोडे बरे झालेत, त्यानंतरच्या पॉलिसीत एक पूर्ण वर्षाचा प्रीमियम भरून वर्ष झालं असेल तर काहीतरी हातात येतं, तुमची त्यातच बसते. पूर्ण पैसे येणार नाहीत, लागायची ती थप्पड लागेल, पण गेलेल्या दोन लाखांसाठी पुढचे आठ लाख घालायचे हा हिशोब नाही. फक्त टर्म प्लॅन हातात आल्याशिवाय ही बंद करू नका, मेडिकलमध्ये काय निघेल सांगता येत नाही. आणि तो १७० टक्केवाला व्हॉट्सअ‍ॅप मेसेज डिलीट करू नका, स्क्रीनशॉट काढून आधी विमा कंपनीकडे लेखी तक्रार करा, महिन्यात उत्तर नाही आलं किंवा टोलवलं तर विमा लोकपालाकडे, तिथे फी लागत नाही, वकील लागत नाही. ते साहेब फोन करून गोड बोलतील. बोलू दे.

हं, टॉर्च.

लुमेन म्हणजे उजेडाचं माप, आणि एक लाख लुमेन खोटं आहे. चांगला एलईडी एका वॅटला साधारण शंभर लुमेन देतो, म्हणजे लाख लुमेनला हजार वॅट लागले, आपली कपड्यांची इस्त्री असते तेवढे. हातात इस्त्री धरून स्वयंपाकघरात जाणार का? आत जो एक लिथियमचा सेल असतो त्यात दहा वॅट-अवर मावतात, म्हणजे दहा वॅट तासभर, हजार वॅटने तो ३६ सेकंदात रिकामा. पाच किलोमीटर रेंजचंही तेच, तेवढ्या अंतरावर तुम्हाला बघायचंय तरी काय? येऊरच्या जंगलात बिबट्या शोधायचा असेल तर लांब पल्ल्याचा झोत ठीक, घरात तो झोत भिंतीवर रुपयाएवढा पडतो आणि बाकी खोली काळोखातच.

तुमचा ९ वॅटचा बल्ब साधारण नऊशे लुमेनचा असतो, मोबाईलची टॉर्च चाळीस-पन्नास. मधलं काहीतरी पुरतं, ३०० लुमेन. एवढ्यावर एका सेलची टॉर्च अडीच-तीन तास सहज चालते. ती स्टीलच्या पेल्यात उभी करा, उजेड छतावर मारा, पांढऱ्या छतावरून पसरून जेवणं आरामात होतात. ओळखीच्या कंपनीची, लिथियम बॅटरीची, टाइप-सी चार्जिंगची घ्या, सहा-आठशेत मिळेल. जुन्या पद्धतीच्या जड लेड-अ‍ॅसिडवाल्या नकोत, चार्ज न करता सहा महिने पडून राहिल्या की मेल्या, आणि आपण नेमकं पावसाळा संपला की विसरतो. लिथियमचीही दोन-तीन महिन्यांनी एकदा चार्ज करा.

त्यापेक्षाही कामाचे म्हणजे इन्व्हर्टर बल्ब, साडेतीनशे-चारशेला एक, एक हॉलमध्ये, एक स्वयंपाकघरात. नेहमीच्या होल्डरला लावायचे, बटण चालू ठेवायचं, लाईट गेली की आपोआप तीनेक तास जळतात. टॉर्च आणि दोन बल्ब मिळून पंधराशेत झालं. घरून काम असेल तर राउटरचा छोटा यूपीएस हजार-बाराशेचा, तो पुढच्या महिन्यात. १२ ऑक्टोबर २०२०ला मुंबई-ठाणे-नवी मुंबईची एकदम लाईट गेली ती सकाळी दहाच्या सुमारास, टॉर्च कोणालाच लागली नाही, माझ्या नौपाड्यातल्या बिल्डिंगमध्ये सगळी बोंब वायफायची होती.

रोख किंवा यूपीआयने घ्या. पॉइंट्सवर ती इस्त्री मागवू नका, हजार रुपये स्टेटमेंटमध्येच वळते करून घ्या, त्याला शंभरेक रुपये फी लावतात कधीकधी.