मॅडम, लेकराला कोणती पावडर देऊ?

लातूरला क्लासेसचे वर्ग भरले की माझ्याकडं आहाराच्या सल्ल्यासाठी एकच प्रश्न रांगेनं येतो, "मॅडम, लेकराच्या अंगी काही लागंना, कोणती पावडर देऊ?" नीटच्या, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेच्या तयारीला आलेली पोरं, कुणी रूम करून तर कुणी हॉस्टेलला, आणि गावाकडं आईच्या जीवाला घोर. त्यातल्याच एका मायलेकीचं सांगते, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

पोरगी अकरावीची, गाव औशाकडचं. दुपारच्या बॅचला डोळ्यावर झापड, जिना चढला की धाप, केस गळायलेत, आणि रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन 9.6. या वयाच्या पोरीला 12 तरी पाहिजे. आईनं पिशवीच टेबलावर रिकामी केली, प्रोटीन पावडरचा डबा, बदामाची पुडी, बीटाची कसली तरी पावडर, कुणीतरी व्हॉट्सअॅपवर सांगितलेल्या व्हिटॅमिनच्या गोळ्या. "हे सगळं द्यायलेय मॅडम, अजून काय द्यावं तेवढं सांगा. सोयाबीनला भाव नाही, तरी घेतलं बगा."

मी पोरीला म्हणलं, काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय तोंडात गेलं ते सांग. आईच सांगायला लागली, त्यांना म्हणलं ताई, तुम्ही जरा थांबा, तिला बोलू द्या. तर सकाळी चहा आणि दोन खारी, कारण सातच्या बॅचला पळायचं असतंय. मधल्या सुट्टीत वडापाव, नाहीतर काहीच नाही. दुपारी मेसचा डबा आणि त्याच्यावर लगेच चहा, झोप येऊ नये म्हणून. संध्याकाळी परत चहा-बिस्कीट, रात्री उरलेला भात नाहीतर मॅगी. फळ? "केळी, कधीकधी." पावडर? "वास येतो मॅडम, मी बेसिनमध्ये ओतते." आईचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

त्या दिवशीचा डबा तिच्या सॅकमध्येच होता, तो उघडायला लावला आणि माझ्याकडं स्टीलचं ताट असतंय त्यात काढला. चार पोळ्या, बटाट्याची रस्सा भाजी, दाबून भरलेला भात, आणि सगळ्यात बारक्या पुडात वरण, ते इतकं पातळ की चमचा फिरवला तरच तळाची डाळ वर यायची, बाजूला लोणच्याची एक फोड. सगळं ताटात आलं तर पाऊण ताट पोळी-भात-बटाट्यानंच भरलं. पोट भरतंय, तासाभरात झोपही येतीय, पण ज्याच्यानं रक्त आणि अंग धरतं ते ताटात दिसंनाच. मेसवाल्या मावशींना मी दोष देत नाही, महिन्याच्या तेवढ्या पैशात डाळीच्या भावात त्या तरी काय करणार.

हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था आहे, तिनं 2024 ला नव्या आहार मार्गदर्शक सूचना काढल्यात, त्यात दिवसभराच्या ताटाचा अर्धा भाग भाज्या आणि फळांचा धरलाय, उरलेल्या अर्ध्यात धान्य आणि डाळी-कडधान्य-अंडी-दूध-दाणे असं सगळं. प्रोटीन पावडरी टाळा हेही त्यांनीच म्हणलंय. पोरगी 48 किलोची, म्हणजे तिला दिवसाला साधारण 40 ग्रॅम प्रोटीन लागणार. दिवसभरात सहा पोळ्या खाल्ल्या तर 18 च्या आसपास त्यातूनच येतं, दोन वाट्या घट्ट वरणातून 12, एका अंड्यातून 6, मूठभर शेंगदाण्यातून 7. झालं की! आईनं बदामाची पुडी पुढं सरकवली. म्हणलं ताई, पाच बदामात जेमतेम सव्वा ग्रॅम प्रोटीन असतंय, आणि शेंगदाणे तर तुमच्या शेतातलेच आहेत.

बीटाचंही तेच. रंग लाल म्हणून रक्त वाढतं असा सगळ्यांचा समज, पण त्यात लोह फारच थोडं, 100 ग्रॅमला एक मिलीग्रॅम पण नाही, आणि या वयात पोरीला दिवसाला 30 च्या आसपास लागतं. त्यापेक्षा बाजरी, हरभरा, मटकी, पालेभाज्या, कारळाची चटणी बरी, आणि त्याच्यावर लिंबू पिळायचं नाहीतर सोबत पेरू खायचा, कारण धान्य-भाजीतलं लोह क जीवनसत्त्व असलं की जास्त शोषलं जातं. चहाचं उलटं, तो आतड्यात लोहाचं शोषण बरंच कमी करतो. त्यामुळं जेवणाच्या आधी एक तास आणि नंतर एक तास चहा बंद, एवढं एक मी जरा दरडावूनच सांगितलं.

पण 9.6 नुसत्या खाण्यानं वर येणार नाही, हेही त्या दोघींना स्पष्ट सांगितलं आणि डॉक्टरांकडं पाठवलं. लोहाच्या गोळ्या चालू झाल्या, जंताची गोळी झाली. शाळेत दर आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळायची ती खाल्लीस का विचारलं तर हसली, मळमळतंय म्हणून सगळ्याच पोरी बाकाखाली टाकायच्या म्हणे. जेवणानंतर घेतली असती तर एवढं मळमळलं नसतं, पण हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

खरी अडचण पुढं आली. आई म्हणाली, "भाकरी करून देते की, ज्वारी घरची आहे." पोरगी एकदम, "रूमवर भाकरी नको, पोरी हसतात." हे मी लई पोरींकडून ऐकलंय. वेळ अमावस्येला, म्हणजे आमच्याकडच्या शेतातल्या सणाला, शेतात बसून भज्जी, बाजरीचे उंडे आणि आंबील चाटूनपुसून खाणारी हीच पोरं, त्या भज्जीत सगळे हिरवे दाणे आणि भाज्या असतात, त्याच्याइतकं भरलेलं ताट कुठलं, पण शहरात आलं की तेच गावठी वाटतं. वाद घातला नाही. म्हणलं मग काय चालेल? थोडा विचार करून म्हणाली, "धपाटे." ठरलं. ज्वारी-बेसनाचे, त्यात मेथी नाहीतर कोथिंबीर, दर रविवारी एसटीनं गावाकडून येणार, दोन दिवस टिकतात, तोवर सकाळच्या खारीच्या जागी ते आणि दही. जवसाची आणि कारळाची चटणी बरणीत, ती महिनाभर टिकते. फुटाणे-शेंगदाणे सॅकमध्ये. मेसच्या मावशींना दहा-पंधरा रुपये जास्त देऊन एक उकडलेलं अंडं आणि वरण घट्ट. काकडी, गाजर, टोमॅटो रूमवर चिरायला चाकू, बस्स. वडापाव बंद कर असं मी म्हणलं नाही, मैत्रिणींसोबत आठवड्यातून एखादा खाल्ला तर काही बिघडत नाही.

अडीच महिन्यांनी आल्या तेव्हा हिमोग्लोबिन 11.3 होतं, धाप कमी झाली होती, झापड मात्र थोडी आहेच, कारण बाईसाहेब रात्री दोनपर्यंत जागतात आणि त्याला धपाटे काय करणार! वजन एखादा किलोच वाढलं, आईला ते कमी वाटलं, मला नाही वाटलं. रूमच्या बाकी दोघी आता रविवारी एसटीची वाट बघतात म्हणून आईला डबल पीठ मळावं लागतंय, त्याची तक्रारही करून गेल्या. गोळ्या थांबवायच्या का विचारलं, तर म्हणलं आकडा 12 च्या वर गेला तरी लगेच नाही, शरीरातला लोहाचा साठा भरायला पुढं अजून दोन-तीन महिने लागतात, डॉक्टर सांगतील तेव्हाच.