वाचकांचे प्रश्न : काठावरचे पाणी आणि मधले पाणी

प्रश्न : आमचे गाव पैठण तालुक्यात, नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या, उत्तर काठावर आहे. मी आणि माझा धाकटा भाऊ लहान होडीतून मासेमारी करतो. होडीला इंजिन नाही, दोन वल्ही आहेत. पहाटे निघताना पाणी अगदी निवांत असते आणि मोबाइलवर वाऱ्याचा वेग ताशी १४ किलोमीटर दिसतो. पण दहा-अकराच्या सुमारास जाळी ओढत असताना लाटांचे पाणी होडीत येऊ लागते. गेल्या मे महिन्यात एका सायंकाळी आम्ही कसेबसे काठाला लागलो. मोबाइलवर विश्वास ठेवावा की जुन्या माणसांच्या आडाख्यांवर? निघावे की नाही, हे नेमके कशावरून ठरवावे?
– एक मासेमार वाचक, पैठण तालुका

उत्तर : आपण विचारलेला प्रश्न मराठवाड्यातल्या प्रत्येक मोठ्या जलाशयावर रोज पहाटे उभा राहतो, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देतो. निघताना आपण ज्या घटकेचे हवामान पाहता, ती घटका आपल्या कामाची नसते. आपल्याला परतायचे आहे ते चार-पाच तासांनी, आणि तेही काठापासून तीन-चार किलोमीटर आत असलेल्या पाण्यावरून. त्यामुळे ‘आत्ता काठावर कसे आहे’ असे न विचारता ‘परत येताना मधल्या पाण्यावर कसे असेल’ असे विचारावे लागते. आपल्या काठावरचे निवांत पाणी या प्रश्नाबाबत जवळजवळ काहीच सांगत नाही.

याचे कारण नाथसागराच्या आकारात आहे. हा जलाशय पूर्ण भरल्यावर सुमारे ५५ किलोमीटर लांब असतो, काही ठिकाणी त्याची रुंदी २७ किलोमीटरपर्यंत जाते आणि त्याचा विस्तार साधारण ३५० चौरस किलोमीटर होतो. लाट किती मोठी होणार हे वाऱ्याचा वेग, तो किती वेळ वाहतो आणि त्याला उघड्या पाण्यावर किती अंतर सलग मिळते, या तीन गोष्टींवर ठरते. पावसाळ्यात आपल्याकडे वारा मुख्यतः पश्चिमेकडून आणि नैऋत्येकडून वाहतो. नाथसागराचा लांब पसारा धरणाच्या पश्चिमेला आणि वायव्येला आहे, म्हणून कायगावकडून पैठणकडे येणाऱ्या वाऱ्याला कित्येक किलोमीटर मोकळे पाणी मिळते आणि धरणाच्या बाजूला लाटा सर्वांत मोठ्या होतात. मातीच्या भिंतीला पाण्याच्या अंगाने दगडांचे अस्तर असते ते या लाटांचा मार सोसण्यासाठीच, आणि त्या दगडांवर वाऱ्याच्या दिवशी होडी लावण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. याउलट एखाद्या ओढ्याच्या तोंडाशी, उंचवट्याच्या किंवा झाडांच्या आडोशाला असलेल्या काठावर त्याच वेळी पाण्यावर साधी सुरकुतीही नसते. आपला काठ असा आडोशाचा असेल, तर तेथे उभे राहून घेतलेला निर्णय रोजच चुकीचा ठरण्याची शक्यता आहे.

दुसरी गोष्ट खोलीची. हा जलाशय विस्ताराच्या मानाने उथळ आहे. उथळ पाण्यात लाटा लांबसडक न होता आखूड आणि उभ्या होतात. एक लाट नाकावरून गेली की सावरायला वेळ न देता दुसरी येते. समुद्रावर वावरलेला माणूस अशा जलाशयाला कमी लेखतो आणि तेथेच फसतो. शिवाय पाणी उतरलेले असताना बुडीत गावांच्या भिंती, विहिरींचे कठडे आणि बाभळींचे बुंधे पाण्याच्या पातळीजवळ येतात, आणि लाट खाली बसताना होडीचा तळ त्यांवर आपटू शकतो.

सकाळ आणि दुपार यांतला फरकही आपल्या अनुभवाशी जुळणारा आहे. रात्री जमीन गार होते, जमिनीलगतची हवा जड होऊन स्थिर राहते आणि वरून वाहणारा वारा खाली पोहोचत नाही. सूर्य वर आला, जमीन तापली की हवा वर-खाली घुसळू लागते आणि वरचा वेगवान वारा पाण्यापर्यंत उतरतो. हे बहुधा नऊ ते अकराच्या दरम्यान घडते. म्हणजे आपण ‘अचानक’ म्हणता तो वारा अचानक नसतो. तो पहाटेपासून डोक्यावरून वाहतच असतो. पहाटे पाणी स्थिर असताना उंचावरचे ढग भराभर सरकताना दिसले, तर दहानंतरचा वारा आपल्याला तेव्हाच दिसला असे समजावे.

आता मोबाइलविषयी. मोबाइलवरचा आकडा चुकीचा नसतो, पण तो बहुधा सरासरीचा असतो आणि जमिनीपासून १० मीटर उंचीवरच्या वाऱ्याचा असतो. होडीला धोका सरासरीचा नसतो, झोतांचा असतो, आणि दुपारच्या हवेत झोत सरासरीच्या दीडपट सहज जातो. बहुतेक ॲपमध्ये झोताचा आकडा वेगळा दिलेला असतो; तो पाहावा, आणि निघण्याच्या नव्हे तर परतण्याच्या तासाखालचा पाहावा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो, हेही ध्यानात ठेवावे. १५ चा वारा ३० झाला तर दोन वल्ह्यांच्या होडीवर पडणारा जोर दुप्पट नव्हे, चौपट असतो, आणि दोन माणसांच्या दंडांत एवढी ताकद नसते. जाताना तासाभरात कापलेले चार किलोमीटर समोरच्या वाऱ्यात परतताना अडीच-तीन तास घेतात, आणि कधी कधी होडी पुढे सरकतच नाही.

हवामान खात्याच्या जिल्हावार इशाऱ्यांत ‘मेघगर्जनेसह ताशी ३० ते ४० किलोमीटर वेगाने वारे’ असे शब्द वारंवार येतात. शेतकरी ते पावसासाठी वाचतो; मासेमाराने ते वाऱ्यासाठी वाचावेत. पिवळा इशारा म्हणजे फारसे काही नाही, अशी एक समजूत रूढ झाली आहे. जमिनीवर ती कदाचित चालून जात असेल, पण वल्ह्याच्या होडीसाठी त्या दिवशी दुपारनंतर पाण्यावर नसणे हाच त्या पिवळ्या रंगाचा अर्थ आहे. याशिवाय खाते पुढच्या दोन-तीन तासांसाठी तातडीचे इशारे देते. ते पाण्यावर असताना पाहता यावेत म्हणून काठावरच्या एखाद्या माणसाने फोन करून कळवण्याची व्यवस्था गावाने ठेवावी, कारण जाळी ओढणारे हात मोबाइल पाहत नाहीत.

जुन्या माणसांचे आडाखे मी मोडीत काढणार नाही. काही वर्षांपूर्वी नाथसागराच्या काठावरच्या एका भोई कुटुंबाकडे मी मुक्कामाला होतो. त्या घराच्या पत्र्यावर एक उंच बांबू रोवलेला होता आणि त्याच्या टोकाला जुन्या लुगड्याची वीतभर रुंद चिंधी बांधलेली होती. घरातले आजोबा पहाटे चहा घेण्याआधी अंगणात येऊन पाण्याकडे न पाहता त्या चिंधीकडे पाहत. चिंधी लोंबत असेल तर जायचे, उचलून पडत असेल तर जवळच जाळी टाकायची, आणि सलग आडवी ताणून राहिली तर होडी उलथी करून ठेवायची, असा त्यांचा नियम होता. मी तेथे असताना एकदा चिंधी ताणली गेली आणि त्यांचा नातू ‘पाणी तर बघा, हलतसुद्धा नाही’ म्हणून हट्ट करू लागला. आजोबांनी त्याला हाताला धरून टेकाडावर नेले. तेथून आडोशापलीकडचे पाणी दिसत होते. त्यावर काळसर पट्टे धावत होते आणि दूरवर पांढरे ठिपके उमटून विझत होते. नातू काही न बोलता खाली आला.

त्या चिंधीत शास्त्र आहे. ब्रिटिश नौदलातील फ्रान्सिस ब्यूफर्ट यांनी १८०५ मध्ये वाऱ्याची जी मोजपट्टी केली, तिची आज वापरात असलेली जमिनीवरची लक्षणे याच जातीची आहेत. पाने आणि बारीक डहाळ्या सतत हलत असतील आणि हलका झेंडा पसरलेला राहत असेल, तर वारा ताशी १२ ते १९ किलोमीटर असतो. धूळ आणि कागद उडू लागले, लहान फांद्या हलू लागल्या, की तो २० ते २८ वर गेलेला असतो. पानांनी भरलेली लहान झाडे डोलू लागली की २९ ते ३८. पाण्यावर लाटांची टोके फुटून पांढरा फेस तुरळक दिसू लागतो तो पहिल्या टप्प्याच्या अखेरीस, आणि दुसऱ्या टप्प्यात तो जागोजागी दिसतो. माझ्या मते वल्ह्याच्या लहान होडीसाठी तुरळक पांढरा फेस हीच शेवटची हद्द मानावी. थर्माकोलच्या तराफ्यासाठी तर ती हद्दही जास्त आहे, कारण तो पाण्यात रुतत नाही, वाऱ्याबरोबर वाहत जातो. वारा काठाकडून आत वाहत असेल तर तराफा पाण्यात घालूच नये. अशा वेळी काठालगतचे पाणी सर्वांत शांत दिसते आणि प्रत्येक झोत माणसाला आणखी आत नेतो.

नक्षत्रांचे आडाखे मात्र वेगळ्या प्रकारे वापरावेत. रोहिणीत, मृगाच्या तोंडावर आणि पुढे हस्तात गडगडाटी पाऊस होतो, हे पिढ्यान्पिढ्यांचे निरीक्षण खरे आहे. मे-जूनचा वळीव आणि सप्टेंबर-ऑक्टोबरचा परतीचा पाऊस हे आपल्याकडचे वादळी ढगांचे दोन हंगामच आहेत. पण नक्षत्र हंगाम सांगते, दिवस सांगत नाही. दिवस आभाळात पाहावा लागतो. दुपारी एखादा ढग फुलकोबीसारखा वर वर चढत गेला आणि त्याचा माथा लोहाराच्या ऐरणीसारखा सपाट पसरला, तर तो ढग कितीही दूर असला तरी जाळी तेथेच सोडून काठ गाठावा. अशा ढगातून पावसाबरोबर गार हवा खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूबाजूंना धावते. ती पावसाच्या कित्येक किलोमीटर पुढे असते. उकाड्यात वारा एकदम पडणे, मग भलत्याच दिशेने गार झुळूक येणे, ओल्या मातीचा वास येणे आणि क्षितिजावर धुळीची भिंत दिसणे, ही त्या हवेची चाहूल आहे. काठावर तो वास सुखाचा वाटतो. पाण्यावर तो आला तेव्हा आपल्या हाती काही मिनिटेच उरलेली असतात. मे महिन्यात आपल्यावर आलेला प्रसंग बहुधा असाच असावा.

२१ मे २०२४ रोजी सायंकाळी उजनी जलाशयात कुगाव आणि कळाशी यांच्या दरम्यान प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा मृत्यू झाला. एक जण पोहून काठाला लागला. उजनी आपल्या शेजारचाच जलाशय आहे आणि तेथले ऋतुमानही आपल्यासारखेच आहे, म्हणून एप्रिलच्या मध्यापासून मृगाचा पाऊस स्थिरावेपर्यंत दुपारी तीननंतर होडी आत नेऊ नये असे मी आग्रहाने सांगतो. सायंकाळी जाळी टाकण्याची रीत या दिवसांपुरती बदलावी, किंवा जाळी काठाजवळ टाकावीत.

आणखी एक बाब हवामानाची नाही, पण तिच्याशी बांधलेली आहे. पहाटे निघालेली होडी आणि परतणारी होडी एक नसते. ओल्या जाळ्यांचा ढीग, पोत्यांतली रोहू-कटला आणि तळाशी साचलेले पाणी यांमुळे परतताना तिचा काठ पाण्याला टेकू पाहतो, आणि वारा वाढलेला असतो तोही तेव्हाच. काठ पाण्यापासून वीतभर तरी वर राहील एवढेच ओझे घ्यावे, आणि वारा आला तर मासळीचा मोह न धरता ओझे पाण्यात सोडावे. लाटेला आडवे होऊ नये. नाक लाटेकडे, किंचित तिरके ठेवावे. उभे राहू नये. होडी उलटली तरी तिला धरून राहावे, काठ जवळ दिसतो म्हणून पोहत निघू नये. जीवरक्षक जॅकेट होडीत उशाला ठेवलेले पुष्कळदा पाहिले आहे. वादळात ते अंगावर चढवता येत नाही, म्हणून ते काठावरच बांधून निघावे. भावालाही बांधायला लावावे.

प्रश्न : आमची शेती गोदावरीच्या पलीकडे आहे आणि आम्ही होडीने ये-जा करतो. पाऊस थांबून आभाळ स्वच्छ झाल्यावर दुसऱ्या दिवशी नदी ओलांडणे सुरक्षित मानावे का?
– एक शेतकरी वाचक, नांदेड जिल्हा

उत्तर : नदीच्या बाबतीत डोक्यावरचे आभाळ पाहून ठरवू नये. आपल्याकडे ऊन पडलेले असताना जायकवाडीतून सोडलेले पाणी गोदावरीतून येत असते, माजलगावचे सिंदफणेतून आणि येलदरी-सिद्धेश्वरचे पूर्णेतून येऊन त्याला मिळते, आणि हे सारे पाणी पुष्कळ तासांनी आपल्या काठाशी पोहोचते. म्हणून वरच्या धरणांच्या विसर्गाच्या सूचना आपल्या गावच्या पावसापेक्षा अधिक महत्त्वाच्या आहेत. काठाला पाण्याच्या रेषेवर एक खुंटी ठोकून अर्ध्या तासाने पाहावी. खुंटी बुडत असेल, पाणी गढूळ होत असेल, काटक्या, फेस आणि पालापाचोळा मधोमध वाहत असेल, तर पाणी चढते आहे आणि ओलांडू नये. बंधाऱ्याच्या वर किंवा खाली जवळपास होडी कधीही नेऊ नये. बंधाऱ्यावरून पडणारे पाणी खाली गोल फिरत राहते आणि त्यात सापडलेली वस्तू पुन्हा पुन्हा भिंतीकडेच ओढली जाते. पट्टीचा पोहणाराही त्यातून सहजी सुटत नाही.

प्रश्न : थर्माकोलच्या तराफ्यात लोखंड नसते. मग त्यावर विजेची भीती नाही, हे खरे का?
– एक वाचक, हिंगोली

उत्तर : हे खरे नाही. सपाट पाण्यावर बसलेला माणूस हाच आसपासचा सर्वांत उंच भाग असतो, आणि वीज उंची शोधते. तराफा कशाचा आहे याने फरक पडत नाही. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावेत. दर तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर अंतर धरावे. मोजणी तिसाच्या आत आली तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे, आणि आपण त्याआधीच काठावर असायला हवे होते. शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर ३० मिनिटे पाण्यात परत जाऊ नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे ॲप आसपासच्या २० ते ४० किलोमीटरमधील विजांची सूचना देते. ते घरातल्या कोणाच्या तरी मोबाइलवर असू द्यावे. काठावर आल्यावर एकट्या झाडाखाली थांबू नये, पक्क्या घरात जावे.