गाणे छाटू नकोस

प्रिय मित्रा,

तुझे पत्र वाचून राग आला. तुझ्यावर कमी, तुला सल्ला देणाऱ्यांवर अधिक. तुमच्या बँडचे आठ मिनिटांचे गाणे साडेतीन मिनिटांवर आणावे, गायकाचा आवाज सुरुवातीलाच ऐकू यावा आणि मधल्या ‘रिकाम्या’ जागेत कीबोर्ड भरावा, असे तुला सांगण्यात आले आहे. गॉथिक रॉक, म्हणजे अंधाऱ्या, उदास सुरांचे रॉक, वाजवायला निघालेल्या माणसाने यावर विचार करत बसावे, हेच मला कळत नाही. गाणे छाटू नकोस.

ज्यांचे पोस्टर तुम्ही सरावाच्या खोलीत लावले आहे, त्या बाउहाउस या बँडची सुरुवात एकदा नीट पाहा. इंग्लंडमधले नॉर्दम्प्टन हे बूट बनवण्यासाठी ओळखले जाणारे गाव. तिथे 1978 मध्ये गिटारवादक डॅनियल अ‍ॅश याने आपला शाळासोबती पीटर मर्फी याला गायला उभे केले. मर्फी तेव्हा छापखान्यात काम करत होता आणि त्याने तोवर एकही गाणे लिहिलेले नव्हते. ड्रम्सवर केविन हॅस्किन्स होता. केविनचा भाऊ ‘डेव्हिड जे’ हा उत्तम बास (खालच्या सुरांची गिटार) वाजवत असूनही अ‍ॅशने त्याला मुद्दाम बाहेर ठेवले, कारण आधीच्या बँडमध्ये सूत्रे डेव्हिडच्या हाती असत आणि या वेळी ती अ‍ॅशला स्वतःकडे हवी होती. काही आठवड्यांतच त्याने हा हट्ट सोडला आणि डेव्हिड आला. आपल्यापेक्षा वरचढ ठरेल अशा मैत्रिणीला बँडमध्ये घ्यावे का, असे तू विचारले आहेस. घे, आणि पुन्हा विचारू नकोस.

1978 सालच्या शेवटच्या रात्री वेलिंगबरो येथील एका पबमध्ये त्यांचा पहिला कार्यक्रम झाला आणि 26 जानेवारी 1979 रोजी त्याच गावातल्या बेक स्टुडिओत ते रेकॉर्डिंगला उभे राहिले. बँड जमून जेमतेम सहा आठवडे झाले होते. त्या दिवशीच्या पाच गाण्यांपैकी ‘बेला लुगोसीज डेड’ हे नऊ मिनिटांहून लांब भरले. आधी बोसा नोव्हा या ब्राझिली संगीतप्रकाराच्या जवळ जाणारा कोरडा ताल सुरू होतो, मग एकेक पायरी उतरावी तशी बास खाली येते, त्यानंतर डब रेगे या जमैकन संगीतातून घेतलेल्या प्रतिध्वनीत विरत जाणारी गिटार, आणि मर्फीचा आवाज येतो तो जवळजवळ तीन मिनिटांनी. त्या तीन मिनिटांना कात्री लावून पाहा, म्हणजे बेला लुगोसी या जुन्या भयपटांतल्या नटावरचे गमतीचे गाणे तेवढे उरेल. तिथे कीबोर्ड भरला असता तर अंधारच शिल्लक राहिला नसता.

त्यांनी रेकॉर्ड कंपन्यांना आपले वादन दाखवण्यासाठी व्हिडिओ टेप पाठवल्या आणि बऱ्याच ठिकाणी त्या पाहण्याचे यंत्रच नव्हते. (समाजमाध्यमांवरची रील कोणत्या आकाराची असावी यावर तू अर्धे पान खर्च केले आहेस, म्हणून हे सांगितले.) अखेर स्मॉल वंडर या छोट्या लेबलने, म्हणजे रेकॉर्ड कंपनीने, ऑगस्ट 1979 मध्ये ते गाणे बारा इंची तबकडीवर काढले. गाणे लांब होते, तर तबकडी मोठी घेतली. गाणे छाटले नाही. मुख्य विक्रीयादीत ते कधीच आले नाही, पण स्वतंत्र लेबलांच्या यादीत दीर्घकाळ टिकून राहिले. पुढे 4एडी या लेबलने 1980 मध्ये त्यांचा पहिला अल्बम काढला, तेव्हा समीक्षकांनी त्याला झोडपले आणि श्रोत्यांनी तो विकत घेतला.

तुझे सल्लागार म्हणतील की 1982 मध्ये याच बँडला खरे यश त्यांनी वाजवलेल्या, गायक डेव्हिड बोवीच्या ‘झिगी स्टारडस्ट’ या गाण्याने दिले, ते विक्रीयादीत पंधराव्या क्रमांकावर गेले आणि ते आटोपशीर होते. खरे आहे. मग त्यांना विचार की तू या संगीताकडे कोणत्या गाण्यामुळे आलास.

आमच्याही बँडला एका कंपनीने एक लांब गाणे निम्मे करायला सांगितले होते. मी नकार दिला, कॅसेट निघाली नाही आणि आमचा ड्रमर, जो माझा सर्वांत जवळचा मित्र होता, वैतागून सोडून गेला. त्याच्या जाण्याचे दुःख मला आजही आहे. मी त्याच्याशी अधिक मऊपणाने बोलायला हवे होते, असे घरचे म्हणतात. असेल. पण तो नकार चुकला असे मी म्हणणार नाही. ते गाणे निम्मे होऊन दुकानात गेले असते, तर त्यावर स्वतःचे नाव वाचायची मला लाज वाटली असती. तू मला हटवादी म्हणशील, तर म्हण.

तुझा आवाज चांगला आहे, पण तो उशिरा येऊ देण्याचा धीर तुझ्यात अजून नाही. पुढचे रेकॉर्डिंग चौघांनी एकत्र वाजवून करा, बासचा आवाज थोडा वर ठेवा, गिटारवाल्याला निम्म्या वेळा गप्प बसायला सांग आणि पूर्ण आठ मिनिटांची फाइल मला पाठव. छोटी आवृत्ती पाठवलीस तर मी ती उघडणार नाही.

तुझा,
एक जुना बासवादक