थाई बीएल निवडताना जोडी नको, दिग्दर्शक बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ‘टुगेदर’ ही थाई बीएल (बॉइज लव्ह, म्हणजे दोन मुलग्यांच्या प्रेमाची) मालिका बघून संपली, पहिले काही भाग झकास वाटले, मग कंटाळा आला. मैत्रीण म्हणते सगळ्या थाई बीएल मालिका एका साच्यातल्याच. मग पुढे बघण्यात अर्थ आहे का, असलाच तर काय बघावं, आणि घरी आईबरोबर बसून बघता येईल असं काही आहे का.

अर्थ आहे. पण इथे जो तो ‘कुठली जोडी भारी’ एवढंच विचारतो आणि घोळ तिथेच होतो. जोडी बघून मालिका निवडली की चारपैकी तीन वेळा पदरी निराशा येते. दिग्दर्शक बघून निवडली तर असं सहसा होत नाही.

का, ते सांगते. या मालिका बहुतेक ऑनलाइन कादंबऱ्यांवरून निघतात. त्या लिहिणाऱ्या बहुतांशी बायका आणि वाचणाऱ्याही बहुतांशी बायकाच. २०१४ मध्ये ‘लव्ह सिक’ टीव्हीवर आली, पण धंद्याचं गणित बसवलं ते २०१६ च्या ‘सोटस’ने. क्रिस्ट आणि सिंगतो ही जोडी एवढी चालली की जीएमएमटीव्ही या कंपनीला वाटच सापडली. दोन नवे चेहरे घ्यायचे, त्यांची जोडी जमवायची, मालिका संपली की फॅन मीटिंग, कॉन्सर्ट, जाहिराती, आणि मग त्याच दोघांना घेऊन पुढची मालिका. म्हणजे बऱ्याचदा मालिका हीच त्या जोडीची जाहिरात असते. २०२० मध्ये ब्राइट आणि विनची ‘टुगेदर’ आली तेव्हा निम्मं जग घरात कोंडलेलं होतं आणि एपिसोड यूट्यूबवर इंग्रजी सबटायटल्ससकट फुकट मिळत होते. पुढचं काय सांगायचं!

हे लक्षात घेतलं की तुमच्या कंटाळ्याचं कारणही सापडतं. ‘टुगेदर’मध्ये ग्रीन नावाचा मुलगा मागे लागलाय म्हणून टाइन हा हिरो सारावत या दुसऱ्या हिरोला खोटा बॉयफ्रेंड व्हायला सांगतो, आणि सारावतचा तर स्क्रब बँडच्या कॉन्सर्टमध्ये त्याला पाहिल्यापासून त्याच्यावर जीव जडलेला असतो. कल्पना मस्त आहे. पण खोट्याचं खरं झालं की लेखकाच्या हातात काही उरत नाही, आणि भाग तर अजून बरेच भरायचे असतात. मग गैरसमज आणा, जुनी ओळख उकरून काढा, अकराव्या-बाराव्या भागात दोघांना उगाच रडवा. चाहत्यांमध्ये ‘अकराव्या भागाचा शाप’ म्हणतात तो हाच. मध्येच डोळ्यांत पाणी असताना हिरो कुठलीशी क्रीम लेबल कॅमेऱ्याकडे करून चेहऱ्याला चोपडतो, तेही याच हिशेबातलं.

मला खरी खटकते ती दुसरीच गोष्ट. ग्रीन आठवा. सगळ्या मालिकेत उघडउघड गे असलेला, बायकी हातवारे करणारा मुलगा म्हणजे हसण्यावारी न्यायचं पात्र, आणि दोन ‘मर्दानी’ हिरो मात्र ‘मी तसा नाही, मला फक्त तूच आवडतोस’ म्हणत प्रेमात पडणार. जुन्या मालिकांत हे सर्रास आहे. ‘थार्नटाइप’ (२०१९) वर जीव टाकणारे इथे पुष्कळ आहेत, त्यांनी रागवू नये, पण त्या मालिकेच्या सुरुवातीच्या भागांत संमती नावाची चीजच नाही, आणि ते रोमान्स म्हणून खपवलंय. मेव आणि गल्फ छान काम करतात म्हणून ते चालवून घ्यायचं का? मी नाही घेत. ‘सोटस’चंही तेच. इंजिनिअरिंगच्या सीनिअरांनी पहिल्या वर्षाच्या पोरांना उन्हात उभं करून ओरडायचं, शिक्षा करायच्या, आणि यातून म्हणे एकजूट घडते. रॅगिंगच्या बातम्या वाचत मोठे झालेल्या आपल्या लोकांना ते पचायला जड जातं. गंमत म्हणजे तरीही ती मालिका बघवते, कारण सीनिअर आर्थित आणि पहिल्या वर्षाचा कोंगपोब एकमेकांना जे टोमणे मारतात ते फार नेमके लिहिलेत.

आता दिग्दर्शकांकडे येते. एक नाव लक्षात ठेवायचं तर नोप्फनात चायविमोन. चाहते त्याला ‘बॅकऑफ’ म्हणतात. त्याची ‘बॅड बडी’ (२०२१-२२) आधी बघा. शेजारशेजारची दोन घरं, दोन्ही घरांचं हाडवैर. मार्क कोणाला जास्त, खेळात पुढे कोण, सगळ्यात चुरस. मुलगे पॅट आणि प्रान. शाळेत दोघं एका बँडमध्ये वाजवतात हे कळल्यावर प्रानची आई त्याला सरळ दुसऱ्या शाळेत धाडते. पुढे एकाच विद्यापीठात एक इंजिनिअरिंगला, एक आर्किटेक्चरला, आणि त्या दोन फॅकल्टींचीही मारामारी. पॅट आणि प्रान झालेल्या ओम आणि नानोन या दोघांनी कमाल केलीय, पण मला दाद द्यायचीय ती लिखाणाला. पाचव्या भागात गच्चीवरचा प्रसंग आहे. साधारण मालिकेत तिथे पहिलं चुंबन म्हणजे गाणं, स्लो मोशन, आणि जिंकलो! इथे चुंबन झाल्यावर प्रान निघून जातो. त्याला पॅट आवडत नाही म्हणून नव्हे, इतकी वर्षं मनात दाबून ठेवलेलं बाहेर आलं की पुढचं सगळं अवघड होणार हे त्याला कळतं म्हणून. आणि त्या घरांच्या भांडणाचं मूळ उलगडतं ते मुलांच्या नव्हे, आईबापांच्या तरुणपणात: एका स्कॉलरशिपवरून झालेली फसवणूक. खलनायक कोणी नाही, फक्त कोणीतरी कधीतरी कोणाचं तरी नुकसान केलंय आणि आता मान्य करायला जीभ उचलत नाही. भाऊबंदकी बघितलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. शेवटीही आईवडील गळ्यात पडून आशीर्वाद देत नाहीत. पोरं घरच्यांसमोर सोंग वठवत आपलं आयुष्य जगतात. काहींना हा शेवट पळपुटा वाटला. मला तो सगळ्यात खरा वाटला.

त्याचीच ‘मूनलाइट चिकन’ (२०२३) फक्त आठ भागांची आहे आणि माझ्या मते ही त्याची सर्वांत पक्की मालिका. कॉलेज नाही, युनिफॉर्म नाही. पट्टायामध्ये जिम नावाचा एक मध्यमवयीन माणूस रात्री कोंबडी-भाताचं दुकान चालवतो. कोरोनानंतरचे दिवस, गल्ल्याची चिंता, हाताशी बहिणीचा मुलगा लीमिंग, त्याचं शिक्षणात लक्ष नाही. एका रात्री वेन नावाचा तरुण दुकानात दारू पिऊन बसतो आणि तिथून गोष्ट सुरू होते. जिम आणि वेन झालेल्या अर्थ आणि मिक्स या नटांची जोडी इथे ‘जोडी’ म्हणून मिरवत नाही, थकलेल्या माणसांसारखी वागते. पण खरं सोनं उपकथेत आहे. लीमिंगची ओळख हार्टशी होते. हार्टला ऐकू येत नाही. घर श्रीमंत आहे, पण आईवडील साइन लँग्वेज शिकलेलेच नाहीत, मुलगा आपल्याच घरात मुका होऊन बसलाय. दुकानातला हा पोरगा मात्र त्याच्यासाठी खुणा शिकायला घेतो. हार्ट आणि लीमिंग झालेले जेमिनी आणि फोर्थ तेव्हा अगदी कोवळे होते आणि तरी त्यांचे काही प्रसंग एका शब्दाशिवाय चालतात. जोडी विकायचीच असेल तर अशी विका ना!

तिसरी, आणि ही जीएमएमटीव्हीची नाही: ‘आय टोल्ड सनसेट अबाउट यू’ (२०२०). नादाओ बँकॉकची निर्मिती, दिग्दर्शक नरूबेत कूनो, पाचच भाग. फुकेतची जुनी पेठ, तिथली चिनी वंशाची घरं, तेहच्या आईचं नूडल्सचं दुकान. तेह आणि ओएऊ हे दुरावलेले मित्र विद्यापीठाच्या प्रवेशासाठी चिनी शिकताना पुन्हा जवळ येतात. ओएऊ हे फुकेतच्या एका बर्फ घातलेल्या थंडगार गोड पदार्थाचं नाव, म्हणजे पोरगा अक्षरशः गावच्या चवीवरून ओळखला जातो. इथे ‘मी तसा नाही’ हे वाक्य पळवाट म्हणून येत नाही. तेहला आपण कोण आहोत याची भीती वाटते आणि ती भीती तेह झालेल्या बिलकिनच्या चेहऱ्यावर इतकी उघडी दिसते की बघणारा अवघडतो. ओएऊ लाल ब्रा घालून आरशासमोर उभा राहतो तो प्रसंग बघाच. ओएऊ झालेल्या पीपी कृतने त्यात ना विनोद आणलाय ना दया. (हाच बिलकिन २०२४ मध्ये आजीच्या वारशासाठी तिची सेवा करणाऱ्या नातवाच्या थाई सिनेमात होता. तो बघून रडलेले इथे बरेच निघतील.) पुढचा भाग, ‘आय प्रॉमिस्ड यू द मून’, बँकॉकमध्ये घडतो आणि त्यात तेहचा पाय घसरतो. चाहते चिडले होते. पण कॉलेजातलं पहिलं प्रेम मोठ्या शहरात कसं झिजतं ते इतकं बिनधास्त फार थोड्या मालिकांनी दाखवलंय.

बाकी झटपट. राजकारण, मोर्चे आवडत असतील तर ‘नॉट मी’. दिग्दर्शिका अनुचा बून्यवतना स्वतः ट्रान्स स्त्री आहे आणि विवाह समतेची मागणी तिने मालिकेत उघडपणे आणली. मध्ये थोडी रेंगाळते. ‘किन्नपोर्श’ (२०२२) म्हणजे माफिया, बंदुका, पैसा आणि भरपूर गरमागरम प्रसंग. डोकं बाजूला ठेवून बघा, आणि आईबरोबर तर अजिबात नको.

तुम्ही ओझरतं विचारलंय की यात ‘खरं’ किती. थायलंडमध्ये २३ जानेवारी २०२५ पासून समलिंगी लग्नाला कायद्याने मान्यता आहे, आणि लगेच काही जण म्हणाले, बघा, बीएलने करून दाखवलं. मला हे पटत नाही. त्यामागे तिथल्या कार्यकर्त्यांची कितीतरी वर्षांची खटपट आहे. मालिकांनी फार तर घराघरातल्या आज्यांना विषयाची सवय लावली. उलट हाच उद्योग आपल्या नटांना खऱ्या आयुष्यात मैत्रीण किंवा मित्र असल्याचं लपवायला लावतो, कारण जोडी मोडली की धंदा मोडतो. आपल्याकडेही मालिकेतल्या जोडप्याचं खरंच लग्न झालं की प्रेक्षक हरखून जातात, पण तिथे न झालेल्या प्रेमाचा हिशेब मागतात, हे काही बरं नाही. आणि आपलं म्हणाल तर कलम ३७७ चा जाच २०१८ मध्ये सुटला, लग्नाला मात्र सुप्रीम कोर्टाने १७ ऑक्टोबर २०२३ ला नकारच दिला. त्यामुळे थाई मालिकेत दोन पोरं अंगठ्या घालतात तेव्हा इथल्या गे प्रेक्षकाला ते माझ्यासारखीपेक्षा वेगळं दिसत असणार, त्याबद्दल त्यांनीच लिहावं.

जीएमएमटीव्हीच्या जुन्या बऱ्याच मालिका त्यांच्या यूट्यूब चॅनेलवर एकेका एपिसोडचे चार तुकडे करून ठेवल्यात. ‘बॅड बडी’पासून सुरुवात करा, आईबरोबर तीच चालेल. दोन घरांच्या भांडणात त्यांना आपोआप रस येईल. ‘मूनलाइट चिकन’ही त्यांना आवडेल असा माझा अंदाज आहे, पण पहिला भाग आधी एकटीने बघून घ्या.