साक्षी वेगळा, साक्षीदार वेगळा

प्रश्न असा: खुनाच्या खऱ्या खटल्यावर काढलेल्या चित्रपटाला 'सत्यघटनेवर आधारित' म्हणावं की 'सत्यघटनेवरून प्रेरित'?

आधार काढला की वरचं कोसळतं. प्रेरणेत नुसता रेटा असतो, पुढे वाट कुठलीही धरा. 'रुस्तम' (२०१६) हा नानावटी खटल्यावरून प्रेरितच; नौदल अधिकारी कावस नानावटी यांनी पत्नीचे प्रियकर प्रेम आहुजा यांना गोळ्या घातल्या, तो हा खटला. त्यातला नायक ज्यूरीकडून निर्दोष सुटतो आणि गोष्ट आटोपते. नानावटींनाही १९५९ साली ज्यूरीने ८ विरुद्ध १ मताने निर्दोष ठरवलं होतं. पण न्यायाधीशांनी ते न मानता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं, तिथे जन्मठेप झाली आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली.

मला खरा राग येतो तो अशा चित्रपटांच्या जाहिरातींतल्या एका वाक्याचा: 'थरारक खटल्याचे साक्षीदार व्हा!' अहो, तिकीट काढून कोणी साक्षीदार होतं का?

पाणिनीचं सूत्र आहे, 'साक्षाद् द्रष्टरि संज्ञायाम्'. साक्षात पाहणारा तो साक्षी. साक्षात म्हणजे स + अक्ष, डोळ्यांसकट. आपलं 'डोळ्यांदेखत' अगदी तेच सांगतं! मग 'साक्षी' असताना फारसी 'दार' कशाला, ही द्विरुक्ती आहे, असं शुद्धिवादी मंडळी ठासून सांगतात. साफ चूक. संस्कृताच्या चष्म्यातून मराठी वाचली की असं होतं. मराठीत 'साक्ष' हे वेगळं नाम आहे. साक्ष देतात, नोंदवतात, फिरवतातसुद्धा. जमीन असलेला जमीनदार, तसा जवळ साक्ष असलेला साक्षीदार. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरने खून पाहिलेला नसतो. तो साक्षी नव्हे, पण साक्षीदार आहे आणि उलटतपासणीला उभा राहतो. एवढा बारीक फरक मराठीने एका 'दार'वर पेलला आहे आणि आपण तो अशुद्ध म्हणून खोडायला निघालो!

नानावटी खटल्यात गोळ्या सुटल्या त्या बंद खोलीत तिसरा साक्षी नव्हता. आहुजांच्या अंगावरचा टॉवेल मात्र जागेवर होता. गोळ्या झटापटीत सुटल्या असा नानावटींचा बचाव होता; तशी झटापट झाली असती तर टॉवेल सुटला असता, या मुद्द्याला न्यायालयाने वजन दिलं. चित्रपटाचा कॅमेरा खुशाल त्या खोलीत शिरतो आणि कोणी न पाहिलेलं दाखवतो. प्रेक्षक दिग्दर्शकाची कल्पना पाहत असतो. तेव्हा जाहिरातीत 'चित्रपट पाहा' एवढंच लिहा.