आतड्याच्या सर्जरीचं कोडिंग घेऊ की नको?

प्रिय विद्यार्थिनी,

तू सगळं सविस्तर लिहिलंस ते बरं झालं. बीएस्सी झालीस, मेडिकल कोडिंगची सीपीसी ही परीक्षा पास झालीस, नावापुढे 'सीपीसी-ए' (ए म्हणजे अप्रेंटिस, शिकाऊ) लागलं. गेले सहा महिने अमेरिकेतल्या हॉस्पिटलांचे एक्स-रे आणि सीटीचे रिपोर्ट कोड करते आहेस, म्हणजे त्यांतले आजार आणि तपासण्या बिलासाठी ठरलेल्या कोडांत बसवते आहेस. आता जनरल सर्जरीच्या टीममध्ये जागा निघाली आहे, पण तिथे मुख्यतः आतड्याच्या शस्त्रक्रिया येतात आणि सीनियर घाबरवतात की कोलेक्टॉमीत (मोठ्या आतड्याचा भाग काढण्याच्या ऑपरेशनात) भलेभले अडकतात. बाबांचं मत, हे सगळं शेवटी कारकुनीच. तू विचारतेस, घेऊ का?

घे. कारण सांगण्याआधी काम कसं असतं ते दाखवतो, म्हणजे तुझं तुलाच ठरवता येईल.

समज, नमुन्याची एक ऑपरेशन नोट आहे. वर ठळक अक्षरांत लिहिलंय, 'लॅपरोस्कोपिक सिग्मॉइड कोलेक्टॉमी', म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटाकडचा सिग्मॉइड हा भाग दुर्बिणीने काढणं. घाईतला कोडर सीपीटीमधला (उपचारांच्या कोडांच्या यादीतला) ४४२०४ टाकून मोकळा होतो. तू खाली वाचत जा. मधेच कुठेतरी सर्जन लिहितो की आतडी एकमेकांना फार चिकटलेली होती, दुर्बिणीने पुढे जाणं धोक्याचं वाटलं, म्हणून पोट उघडलं. झालं, लॅपरोस्कोपीचा कोड तिथेच गळाला. दुर्बिणीने सुरू होऊन पोट उघडून संपलेल्या ऑपरेशनला ओपनचाच कोड लागतो. बेत बदलला हे सांगायला निदानाच्या बाजूला, म्हणजे आयसीडी या आजारांच्या कोडांच्या यादीतून, झेड५३.३१ येतो. आणखी खाली: सिग्मॉइड काढला, रेक्टमचं (गुदाशयाचं) तोंड स्टेपलरने बंद केलं, वरचं टोक पोटाच्या भिंतीतून बाहेर काढून कोलोस्टॉमी (मल बाहेर पडायची वाट) केली. म्हणजे आतडं जोडलेलंच नाही. या ऑपरेशनला हार्टमन म्हणतात, कोड ४४१४३. आतडं आतल्या आत जोडलं असतं तर ४४१४०, आणि ते ओटीपोटात खोलवर रेक्टमला जोडलं असतं तर ४४१४५. काढलेला भाग तोच. पुढे टोकांचं काय केलं, यावर कोड ठरतो. नोटमध्ये जोड नेमका कुठे दिला हे लिहिलेलंच नसेल, तर अंदाज करायचा नाही, सर्जनला क्वेरी पाठवायची.

आता चिकटलेली आतडी सोडवायला लागलेल्या वेळाचं काय? त्यासाठी ४४००५ कोड आहे आणि तो लावायचा मोह सगळ्यांना होतो. पण त्याच्या वर्णनातच 'सेपरेट प्रोसीजर' असं लिहिलंय. त्याच जागी मोठं ऑपरेशन झालं की तो त्यातच धरला जातो. नेहमीपेक्षा किती जास्त वेळ आणि कष्ट लागले हे सर्जनने व्यवस्थित नोंदवलं असेल, तर मॉडिफायर (कोडला जोडायचा खुलाशाचा आकडा) २२ चा विचार करता येतो. 'अ‍ॅडहिजन्स (चिकटलेले भाग) खूप होते' एवढ्या एका ओळीवर नाही. याउलट डाव्या कुशीत वर, स्प्लेनिक फ्लेक्शर (प्लीहेजवळचं आतड्याचं वळण) मोकळा केला असेल तर ४४१३९ हा अ‍ॅड-ऑन कोड (मुख्य कोडसोबतच लावायचा) रास्तपणे मिळतो, आणि नवशिके नेमका तोच विसरतात. नको तिथे मागायचं आणि हक्काचं सोडायचं, दोन्ही चुका एकाच चार्टवर होऊ शकतात.

पेशंट घरी गेला म्हणून विषय संपत नाही. या ऑपरेशनांना ९० दिवसांचा ग्लोबल पिरियड असतो. त्या काळातली नेहमीची तपासणी मूळ रकमेतच आली. पाचव्या दिवशी टाका सुटला आणि पुन्हा ऑपरेशन थिएटरमध्ये न्यावं लागलं तर मॉडिफायर ७८. आधीच ठरलेला पुढचा टप्पा असेल तर ५८. कशाशी काही संबंध नसलेलं दुसरंच ऑपरेशन असेल तर ७९. हार्टमन नंतर बंद करून आतडं रेक्टमला परत जोडलं की ४४६२६. निदानाचा कोडही तितकाच नेमका हवा: डायव्हर्टिक्युलायटिस (आतड्याच्या भिंतीतल्या पिशव्यांची सूज) फुटून गळू झालं, रक्तस्राव नाही, तर के५७.२०. कॅन्सर सिग्मॉइडचा असेल तर सी१८.७, रेक्टोसिग्मॉइडचा सी१९, रेक्टमचा सी२०. आणि डॉक्टरच्या बिलात 'संशयित कॅन्सर' कॅन्सर म्हणून कधीच कोड करायचा नाही, हे तुला परीक्षेपासून पाठ असेल.

हे सगळं सर्जनच्या बिलाचं झालं. हॉस्पिटलच्या इनपेशंट बिलाला आयसीडी-१०-पीसीएस या उपचारांच्या वेगळ्या यादीतले सात अक्षरी कोड लागतात. तिथे पूर्ण सिग्मॉइड काढला तर 'रिसेक्शन', त्याचा तुकडा काढला तर 'एक्सिजन'. सर्जन दोन्हीला रिसेक्शनच म्हणत असला तरी. मग केस डीआरजी (हॉस्पिटलची रक्कम ठरवणारा केसचा गट) ३२९, ३३० किंवा ३३१ मध्ये पडते, ते सोबतच्या गुंतागुंतीवर ठरतं. ही वाट नंतरची. आत्ता दोन्ही दगडांवर पाय ठेवू नकोस.

बाबांना हा हार्टमनचा चार्ट जेवताना समजावून सांग (जेवणानंतर सांगितलास तर बरं). कारकुनी म्हणजे समोर आहे ते उतरवणं. इथे नोट वाचून पोटात काय घडलं ते डोळ्यांपुढे आणावं लागतं आणि मग नियमात बसवावं लागतं. मशिन हे काम घेईल का, असं तू पत्राच्या शेवटी दबकत विचारलंयस. माझं मत सांगतो: एकसारखे, छोटे रिपोर्ट सॉफ्टवेअर आधी गिळणार, आणि तू आज नेमकी त्यातच आहेस. ज्या नोटचं शीर्षक एक सांगतं आणि मजकूर दुसरंच, तिथे ऑडिटला उत्तर देणारं माणूस बराच काळ लागेल. सर्जरीकडे जा म्हणण्याचं माझं खरं कारण हेच.

तयारी म्हणशील तर पाठांतर नको. मोठ्या आतड्याचं चित्र स्वतःच्या हाताने काढ, सीकमपासून रेक्टमपर्यंत, आणि प्रत्येक कोडमध्ये कुठे कापलं, कुठे जोडलं, काय बाहेर काढलं हे पेनाने खूण करून बघ. सीपीटीच्या पुस्तकात कोडखाली कंसात बारीक टिपा असतात, त्या सोडू नकोस. अर्धी उत्तरं तिथेच असतात. सीपीटी १ जानेवारीला बदलतं, आयसीडी १ ऑक्टोबरला, तेव्हा जुन्या पुस्तकावर अभ्यास नको. सरावासाठी चार्टचा फोटो मात्र चुकूनही काढू नकोस. हिपाच्या (पेशंटची माहिती गुप्त ठेवण्याच्या अमेरिकी कायद्याच्या) भानगडीत नोकरी जाते. नावापुढचा 'ए' काढायला साधारणपणे दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो, तो सर्जरीतही मोजला जाईलच, त्याची धास्ती नको.

होकार कळवण्याआधी टीम लीडला दोन गोष्टी विचार. सुरुवातीला रोजचं टार्गेट किती महिने सैल असेल, आणि ऑडिटमध्ये चूक निघाली तर ती समजावून कोण देणार? पहिल्याच आठवड्यापासून पूर्ण टार्गेट आणि ९५ टक्के अचूकता मागत असतील, आणि शिकवायला कोणी नसेल, तर ही जागा सोड. आणखी काही महिने रेडिओलॉजी कर, संध्याकाळी आतड्याची चित्रं काढत राहा आणि पुढची जागा निघाली की अर्ज टाक.

तुझा,
करिअर मार्गदर्शक