कुडाळहून विचारलंय : बाळंतपणानंतर बहिणीच्या मेंदूच्या शिरेत गुठळी झालीय, ऑपरेशन करावंच लागेल का?

नाही, बहुतेकांना लागत नाही. पहिला इलाज हेपॅरिनची, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या औषधाची, इंजेक्शनं, आणि गुठळीमुळे मेंदूत रक्तस्राव झालेला असला तरी सहसा तीच देतात. (ऐकून घरच्यांना धडकी भरते, पण शीर तुंबून दाब वाढतो म्हणूनच ते रक्त बाहेर येतं.) मी न्यूरो आयसीयूत नर्स आहे. ऑपरेशन होतं ते गुठळी काढायला नव्हे: सूज वाढून मेंदू दाबला जाऊ लागला, डोळ्याची एक बाहुली मोठी दिसायला लागली, की कवटीचा तुकडा काढून जागा करतात. त्याने जीव वाचतो. नळी घालून गुठळी काढण्याचा सरसकट फायदा २०२०च्या टो-ॲक्ट चाचणीत दिसला नाही. मात्र बहीण गुंगीत जाऊ लागली तर थांबू नका, १०८ बोलवून बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल) गाठा.